पूजा यंत्राची, उपेक्षा यंत्रकर्त्याची

आज खंडेनवमी. भोसरीपासून चाकणपर्यंत आणि हडपसरपासून शिरवळपर्यंत, जेथे जेथे म्हणून लोखंडाला आकार दिला जातो तेथे तेथे आज यंत्रे काही काळ थांबतील. गाळे कालच धुऊन निघाले असतील, लेथवरचे तेलाचे थर पुसले गेले असतील, आणि आज सकाळी झेंडूच्या माळा, हळदकुंकू व नारळ घेऊन मालक आणि कामगार एकाच यंत्रापुढे हात जोडून उभे राहतील. ज्या हत्यारावर आपले पोट चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी नम्र व्हावे, ही आपल्या पूर्वजांची शिकवण आम्हांस फार मोलाची वाटते. परंतु आजच्याच दिवशी एक अप्रिय प्रश्न विचारणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. यंत्राची पूजा करणारा हा समाज यंत्र घडविणाऱ्याची कितपत कदर करतो? आणि ज्या नव्या यंत्रांवर उद्याच्या जगाचा व्यवहार चालणार आहे, ती घडवू पाहणाऱ्या आपल्याच तरुणांच्या पाठीशी हे शहर उभे आहे काय?

हा प्रश्न आम्हांला पडण्यास एक निमित्त घडले. पत्रव्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळेत शिकवीत होतो. त्या काळातील एक विद्यार्थी गेल्या आठवड्यात आमच्या कचेरीत आला. मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून वहीच्या समासात दातेरी चाके काढणारा हा मुलगा पुढे अभियंता झाला, एका मोठ्या कारखान्यात दहा वर्षे राहिला, आणि सात वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून त्याने भोसरीत एक गाळा भाड्याने घेतला. सीएनसी यंत्राच्या पोटात जो भाग मिनिटाला २०,००० फेरे घेतो तो स्पिंडल आपल्या देशात, आपल्याच आराखड्याने बनवावयाचा, असा त्याचा ध्यास होता. चार वर्षांच्या खटपटीनंतर त्याचा पहिला स्पिंडल फिरला. फिरताना त्याची डगमग २ मायक्रॉनच्या आत राहते, असे तो सांगतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर ह्या कामाला किती काटेकोरपणा लागतो याची कल्पना वाचकांस येईल.

हा मुलगा आता गाळा बंद करण्याच्या विचारात आहे. स्पिंडल बनला, पण त्याची उष्णता, त्याचा कंप आणि त्याचे आयुष्य यांची चाचणी कोणी घ्यावयाची? त्यासाठी लागणारी साधने त्याच्या गाळ्यापासून बारा-पंधरा किलोमीटरच्या आत तीन ठिकाणी आहेत. एका ठिकाणी ती बाहेरच्यांसाठी नाहीत. दुसऱ्या ठिकाणी ती कोणाच्या सहीने द्यावयाची हे ठरलेले नाही. तिसऱ्या ठिकाणी त्याला आठ महिन्यांनंतरची तारीख मिळाली. अखेर चाचणी झाली, आणि तो गिऱ्हाइकाच्या दारी गेला. खरेदी खात्याने विचारले, ‘हा स्पिंडल दुसरीकडे कोठे दोन वर्षे चाललेला आहे काय?’ जी वस्तू प्रथमच बनली आहे ती दुसरीकडे चाललेली कशी असणार? दरम्यान कामगारांचे पगार भागावेत म्हणून जे नेहमीचे जॉबवर्क तो करीत असे, त्याची बिले एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे पाच महिने अडकून पडली. आता एका परदेशी कंपनीने त्याला चांगल्या पगाराची नोकरी देऊ केली आहे. ती कंपनी ह्या देशात स्पिंडलच विकते! ‘सर, स्पिंडल फिरवणं जमलं, पण हे दारोदार फिरणं नाही जमत,’ एवढेच तो म्हणाला आणि हसला. यंदाची खंडेनवमी त्याच्या गाळ्यात साजरी होईल. पुढल्या वर्षी त्या जागी गोदाम असेल की काय, हे त्यालाही ठाऊक नाही.

एका माणसाची रडकथा म्हणून आम्ही ही हकीकत येथे दिलेली नाही. धंदा म्हटला की नफानुकसान आलेच, आणि प्रत्येक धडपड यशस्वी झालीच पाहिजे असा कोणाचाही हट्ट असू नये. परंतु जो उद्योजक वस्तू वाईट म्हणून बुडतो त्याची गोष्ट वेगळी, आणि वस्तू चांगली असूनही केवळ तिच्या वाटेवरच्या दारांना आतून कड्या आहेत म्हणून जो बुडतो त्याची गोष्ट वेगळी. पहिले नुकसान त्याचे एकट्याचे असते. दुसरे नुकसान साऱ्या देशाचे असते.

ते कसे, याचा दाखला फार दूर जाऊन शोधावयास नको. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. तळहातावर मावेल एवढे हे चुंबक. पण विजेवर चालणाऱ्या बहुतेक वाहनांच्या मोटारींचे त्यावाचून चालत नाही. काही महिन्यांतच त्याची झळ पुण्याच्या परिसरातील विद्युत दुचाकींच्या उत्पादनापर्यंत येऊन पोहोचली. कारखाना आपला, कामगार आपले, गिऱ्हाईकही आपले. आणि हे सारे एका चुंबकासाठी खोळंबलेले! नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने असे चुंबक देशात बनविण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार झाला. उद्या चुंबकाच्या जागी स्पिंडल असेल, परवा एखादा संवेदक असेल, तेरवा यंत्राचा मेंदू म्हणजे त्याचे नियंत्रक असेल. त्या दिवशी आपल्याला भोसरीच्या त्या गाळ्याची आठवण होईल, आणि तेथे गोदाम आढळेल.

सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २०१६ साली ‘स्टार्टअप इंडिया’ ही योजना सुरू झाली आणि आज दीड लाखांहून अधिक नवे उद्योग सरकारदरबारी मान्यताप्राप्त आहेत. त्यांच्या भांडवलासाठी १०,००० कोटींचा निधी ठेवण्यात आला. २०२१ मध्ये अर्धवाहकांच्या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. जुलै २०२५ मध्ये संशोधन आणि नवनिर्मितीसाठी एक लाख कोटी रुपयांचा निधी मंजूर झाला. आकड्यांना तोटा नाही. परंतु २०११ च्या राष्ट्रीय उत्पादन धोरणाने देशाच्या उत्पन्नातील कारखानदारीचा हिस्सा २०२२ पर्यंत २५ टक्क्यांवर नेण्याचे ठरविले होते, आणि तो हिस्सा त्या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहिला, हेही विसरता येत नाही. २०२०-२१ मध्ये संशोधनावरचा आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. शिवाय दिल्लीत मंजूर झालेला रुपया आणि भोसरीतील गाळा यांच्यामधला रस्ता कोणी बांधावयाचा, हा प्रश्न कोणत्याही अंदाजपत्रकात सुटत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. संगणकावर चालणारा नवा धंदा दोन खोल्यांत उभा राहतो. त्याची चूक रातोरात दुरुस्त होते आणि त्याचा माल क्षणात जगभर जातो. धातूशी, उष्णतेशी आणि घर्षणाशी झुंजणाऱ्या उद्योगाचे तसे नाही. त्याला महागडी यंत्रे लागतात, कुशल हात लागतात, आणि प्रत्येक चुकीची किंमत भंगाराच्या ढिगात मोजावी लागते. एक नमुना बनविणे ही एक विद्या आहे. एकसारखे शंभर नग बनविणे ही निराळीच विद्या आहे. पहिल्या नगापासून शंभराव्या नगापर्यंतच्या ह्या टप्प्यातच आपले बहुतेक तरुण थकून खाली बसतात. प्रयोगशाळा म्हणते, ‘आमचे काम नमुन्याबरोबर संपले.’ बँक म्हणते, ‘आमचे काम तारण आल्यावर सुरू होते.’ कारखाना म्हणतो, ‘आधी शंभर नग दाखवा.’ प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर; आणि सर्वांचे मिळून उत्तर मात्र चुकीचे!

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान घालणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते ह्या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावीनात. नांगरात दोष नव्हता. पहिला गिऱ्हाईक मिळत नव्हता. पुढे बेळगावातून बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना जागा दिली, कर्ज दिले आणि थांबण्याची तयारी दाखविली. १९१० साली कुंडल रोडच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती ह्या तीन गोष्टींवर. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या त्या निधीने नुसती काच केली नाही. काच करणारी माणसे तयार केली. आणि १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी, धनंजयराव गाडगीळांसारखा पुण्याचा अर्थशास्त्रज्ञ आणि वैकुंठभाई मेहतांसारखा सहकाराचा जाणकार, हे तिघे एका कामाला लागले होते. एकट्या शेतकऱ्याला कारखाना काढणे शक्य नव्हते आणि एकट्या अर्थशास्त्रज्ञाला ऊस पिकविता येत नव्हता. मग जे ह्या महाराष्ट्राने उसाच्या बाबतीत करून दाखविले, ते पोलादाच्या बाबतीत त्याला का साधू नये?

साधने नाहीत म्हणून, असे निदान पुण्याला तरी म्हणता येणार नाही. १८५४ पासून अभियंते घडविणारी संस्था येथे आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून येथे आहे आणि तिच्या आवारात नव्या उद्योगांचे संगोपन करणारे केंद्रही आहे. वाहनांची कसोटी पाहणारी एआरएआय १९६६ पासून येथे आहे. पाषाणला आणि दिघीला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत. लहान कारखानदारांना सामाईक सुविधा मिळाव्यात म्हणून चिंचवडला ऑटो क्लस्टर उभे राहिले. १९३४ मध्ये स्थापन झालेला मराठा चेंबर आहे. वाहनांचे अवाढव्य कारखाने आहेत आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे हजारो लहान गाळे आहेत. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिचा आराखडा ह्याच देशातील शास्त्रज्ञांनी केला. येथील हातांना आणि डोक्यांना काय साधते याची ती साक्ष आहे. सुटे भाग सगळे आहेत. ते जोडून त्यांचे यंत्र मात्र कोणी केलेले नाही. नव्या उद्योजकाला ह्या प्रत्येक दारावर वेगळी थाप मारावी लागते, वेगळा अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येक ठिकाणी आपण कोण हे पहिल्यापासून सांगावे लागते.

जेथे असे भाग जोडले गेले तेथे काय घडले, ते पाहा. चेन्नईच्या आयआयटीच्या आश्रयाने वाढलेल्या अग्निकुल ह्या तरुण कंपनीने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून अग्निबाण सोडला. त्याचे इंजिन त्रिमितीय मुद्रणाने एकसंध बनविलेले होते. तरुणांची बुद्धी त्यात होतीच. पण शिक्षणसंस्थेने प्रयोगशाळा उघडल्या, २०२० च्या सुधारणांनंतर अवकाश खात्याने आपले अनुभवी लोक आणि आपली जागा त्यांना उपलब्ध करून दिली, म्हणून ती बुद्धी आकाशात गेली. जर्मनीत १९४९ मध्ये स्थापन झालेल्या फ्राउनहोफर संस्थेच्या आज सुमारे ७५ शाखा आहेत, आणि एखाद्या खेड्यातील लहान कारखानदारही आपली अडचण घेऊन तेथे जाऊ शकतो. तैवानने १९७३ मध्ये औद्योगिक संशोधनाची एक मध्यवर्ती संस्था काढली. जगातील सर्वांत मोठी अर्धवाहक-निर्माती कंपनी १९८७ मध्ये निघाली ती त्या संस्थेच्या पोटातून.

तैवानचेच आणखी एक उदाहरण आमच्या शहराला अधिक जवळचे वाटेल, कारण ते सायकलींचे आहे. ह्या शतकाच्या आरंभी तेथील सायकलधंदा स्वस्त चिनी मालापुढे मोडकळीस येऊ लागला. तेव्हा जायंट आणि मेरिडा ह्या दोन कट्टर प्रतिस्पर्धी कंपन्या २००३ मध्ये आपल्या पुरवठादारांसह एका संघात एकत्र आल्या. त्यांनी परस्परांच्या कारखान्यांत जाऊन कामाची पद्धत पाहिली, पुरवठादारांना नव्या भागांच्या आराखड्यात आरंभापासून सामील करून घेतले, आणि स्वस्त मालाशी स्पर्धा करण्याऐवजी उत्तम माल बनविण्याचा मार्ग धरला. धंदा सावरला. पुढे काम झाले असे वाटल्यावर तो संघ विसर्जितही करण्यात आला. प्रतिस्पर्धी म्हणून ते बाजारात झगडतच होते. पण पायाखालची जमीन खचू लागली तेव्हा ती आधी सावरावी लागते, एवढे त्यांना कळले.

पुण्याच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांनी, शिक्षणसंस्थांनी, बँकांनी आणि नगरसंस्थांनी मिळून असे एक सहकार्याचे जाळे विणावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यासाठी नवी इमारत नको, नवे महामंडळ नको, आणि उद्घाटनाची फीत तर नकोच नको. चार धागे पुरेसे आहेत.

पहिला धागा चाचणीचा. देशातील संशोधनाची उपकरणे कोठे आहेत हे कळावे म्हणून केंद्र सरकारने २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ नावाची सामाईक नोंदवही संगणकावर उपलब्ध केली. कल्पना उत्तम आहे. पण नकाशा म्हणजे रस्ता नव्हे. ह्या शहरातील प्रत्येक प्रयोगशाळेने, महाविद्यालयाने आणि मोठ्या कारखान्याने आपल्या मोजमापाच्या व चाचणीच्या साधनांपैकी आठवड्यातील निदान एक दिवस लहान उद्योगांसाठी राखून ठेवावा. त्याचे दर ठरलेले असावेत, अर्ज एकाच ठिकाणी करता यावा, आणि तारीख किती दिवसांत मिळणार हे आधी सांगितलेले असावे. रविवारी निजून असणारे यंत्र कोणाच्याच उपयोगाचे नसते.

दुसरा धागा पहिल्या मागणीचा. सरकारी खरेदीत नव्या उद्योगांना पूर्वानुभवाची अट शिथिल करण्याची मुभा आहे. लहान उद्योगांकडून २५ टक्के खरेदी करण्याचे केंद्राचे धोरणही आहे. तरीही नव्या वस्तूपुढे खरेदी अधिकाऱ्याचा हात आखडतो, आणि त्याला आम्ही सर्वस्वी दोष देत नाही. वस्तू बिघडली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून हा धोका एकट्याच्या डोक्यावर न ठेवता वाटून घेतला पाहिजे. दहा मोठ्या कारखान्यांनी आपल्या खरेदीचा एक अल्पसा भाग येथे घडलेल्या नव्या वस्तूंच्या चाचणी-वापरासाठी बाजूला काढावा; त्या वस्तूचा अनुभव, चांगला असो वा वाईट, दहांनीही एकमेकांस कळवावा. मग ‘दुसरीकडे चालला आहे काय?’ ह्या प्रश्नाला उत्तर मिळेल. संरक्षण खात्याने २०१८ पासून ‘आयडेक्स’ योजनेत आपल्या गरजा तरुणांपुढे आव्हान म्हणून मांडण्याची जी पद्धत पाडली, तीच बससेवा, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण यांसाठी आमच्या दोन महापालिकांना स्वीकारता येणार नाही काय?

तिसरा धागा वेळेवर पैसे देण्याचा. ह्याबाबत कायद्याची उणीव नाही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघू उद्योगांचे बिल फार तर ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही. अडीचशे कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना बिले वटविण्याच्या ‘ट्रेड्स’ व्यवस्थेत नाव नोंदविणे बंधनकारक झाले आहे. पण ज्याच्या एका मागणीवर गाळा चालतो, त्याच्यावर दावा लावण्याची छाती कोणत्या गाळेवाल्याला होणार? येथे कायद्यापेक्षा लोकलाज अधिक उपयोगी पडेल. ह्या शहरातील मोठ्या कारखान्यांनी आपण लहानांची बिले सरासरी किती दिवसांत देतो हे दर सहा महिन्यांनी स्वतःहून प्रसिद्ध करावे. जे प्रसिद्ध करतील त्यांचे आकडे आम्ही ह्याच पानावर विनामूल्य छापू. जे करणार नाहीत त्यांच्याविषयी वाचक योग्य तो तर्क करतील.

चौथा धागा धीराच्या भांडवलाचा. लहान उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावे म्हणून सरकारी हमीची योजना आहे आणि १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आहे. तरीही शाखेच्या टेबलावर घराचे कागद मागितले जातात, अशी तक्रार आमच्या कानी वारंवार येते. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला स्पिंडल म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर तो बिचारा कागदच मागणार! निवृत्त झालेले अनुभवी यंत्रज्ञ ह्या शहरात पेठापेठांतून आहेत. त्यांची एक पंचसमिती करून बँकांना तांत्रिक मत देण्याचे काम तिच्याकडे सोपवावे. शिवाय शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्या पूर्वजांनी पैसा फंडाला पैसा दिला, त्या मध्यमवर्गाने आज आपल्या बचतीचा एखादा लहानसा, बुडाला तरी झेपेल एवढा वाटा कायद्याच्या चौकटीत राहून अशा उद्योगांकडे का वळवू नये? शेअर बाजारातील चढउतारावर रात्रीची झोप घालविणाऱ्यांना हा धोका अगदीच अपरिचित नाही.

ह्यावर जे आक्षेप घेतले जातील त्यांची आम्हांस कल्पना आहे. प्रतिस्पर्धी आपली गुपिते उघड करणार नाहीत, असे म्हटले जाईल. परंतु आम्ही गुपिते मागतच नाही. आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी एकमेकांचे गिऱ्हाईक पळविण्याचे सोडलेले नाही. तरीही वापरलेली वाळू शुद्ध करण्याची सोय त्यांनी सामाईक केलीच. वाळूत कोणाचे गुपित नसते. चाचणीच्या साधनातही ते नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सहकार म्हटला की राजकारण आले, आणि राजकारण आले की कामाची माती झाली, हा अनुभव महाराष्ट्राने भरपूर घेतला आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच ह्या जाळ्यात मताचा अधिकार जो प्रत्यक्ष वस्तू बनवितो किंवा विकत घेतो त्यालाच असावा. पदे दोन वर्षांहून अधिक एकाकडे राहू नयेत. हिशेब सर्वांना पाहता यावेत. आणि दहा वर्षांनी हे जाळे ठेवावयाचे की मोडावयाचे, हा निर्णय नव्याने घेण्याची अट आरंभीच घालावी. मुदतीचे बंधन असलेली संस्था कामाला लागते. अमर संस्था खुर्च्या मोजीत बसते.

तिसरा आक्षेप असा की, बाहेर स्वस्त व चांगला माल मिळत असता देशी मालाचा हट्ट कशासाठी? ह्याला आमचे उत्तर असे की, वाईट देशी माल कोणी घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. १९५३ साली निघालेल्या एचएमटीने देशाला यंत्रे बनविण्यास शिकविले, घराघरांत घड्याळ पोहोचविले; पण तिच्या घड्याळांचा कारखाना २०१६ मध्ये बंद करण्याचा निर्णय झालाच. भिंतीच्या आड वाढलेले रोप भिंत पडली की कोलमडते. आम्हांस आयातीविरुद्ध भिंत नको आहे. येथे बनलेली वस्तू जगातील कोणत्याही वस्तूच्या शेजारी ठेवून मोजता यावी, आणि ती कमी पडली तर का कमी पडली हे बनविणाऱ्याला वेळेत कळावे, एवढेच आम्ही मागतो. म्हणूनच चाचणीचा धागा आम्ही पहिला ठेवला.

ह्या साऱ्याचा आरंभ कोणी करावा? सरकारने करावा, असे म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्याला जडली आहे. आमच्या मते आरंभ ह्या शहरातील मोठ्या कारखानदारांनी करावा, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांचे पूर्वज एके काळी लहान गाळ्यातच होते आणि कोणीतरी त्यांच्या पहिल्या नगाची कदर केली म्हणून ते मोठे झाले. दहा कारखाने, पाच प्रयोगशाळा व महाविद्यालये, तीन बँका आणि दोन महापालिका, एवढ्यांनी दिवाळीपूर्वी एकदा एका टेबलाभोवती बसावे. जागेची अडचण असेल तर ह्या पत्राच्या कचेरीतील सभागृह त्यांच्यासाठी मोकळे आहे. त्या सभेत भाषणे नकोत. भोसरी, चाकण आणि हडपसरच्या वीस गाळेवाल्यांना समोर बसवून त्यांची अडचण ऐकावी, आणि उठण्यापूर्वी चाचणीसाठी कोण कोणता दिवस देणार, एवढे तरी कागदावर लिहून घ्यावे.

उद्या दसरा. आपट्याची पाने सोने म्हणून आपण एकमेकांस देऊ आणि सीमोल्लंघनाच्या शुभेच्छाही देऊ. पूर्वी ह्या दिवशी वीर आपल्या गावाची वेस ओलांडून मोहिमेवर जात. आज प्रत्येक कारखान्याची, प्रयोगशाळेची आणि बँकेची स्वतःची एक वेस आहे, आणि तिच्याबाहेर शेजारचा तरुण हातात आपला नग घेऊन उभा आहे. ती वेस ओलांडून त्याच्यापर्यंत जाणे, एवढे सीमोल्लंघन यंदा घडले तरी पुष्कळ झाले. आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही दिवाळीपर्यंत थांबावयास सांगितले आहे. ‘थांबतो, सर,’ असे तो म्हणाला. त्याने किती दिवस थांबावयाचे, हे आता त्याच्या हाती नाही. ते ह्या शहराच्या हाती आहे.